धाकटीचा कोपरा

१

सकाळी जाग आली की मी आधी कान देतो. आतल्या खोलीतून हिचा श्वास ऐकू आला, की मग उठायचं, गॅस पेटवायचा, चहाचं आधण ठेवायचं आणि दाराखाली अडकलेलं वर्तमानपत्र ओढून घ्यायचं. ऑपरेशन होऊन ही घरी आली तेव्हापासूनचा हा शिरस्ता. त्याआधी सकाळचा चहा हीच करायची आणि तो गार झाला म्हणून माझ्या नावानं शंख करायची.

दसऱ्याच्या सकाळी मी कान दिला, तर स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या. काचेच्या, हातभर. ओट्यावर काही पुसताना वाजतात तशा.

"अगं, उठलीस कशाला?" मी अंथरुणातूनच ओरडलो.

"कोण उठलंय?" आवाज आतल्या खोलीतून आला. "मी पडलेय इथे ओंडक्यासारखी."

मी स्वयंपाकघरात गेलो. ओटा कोरडा होता. पातेलं पालथं, खिडकी बंद. मग हिच्या खोलीत जाऊन उगाचच पांघरूण सारखं केलं आणि तेवढ्यात मनगटं बघून घेतली. दोन्ही मोकळी. हात सुजले म्हणून इस्पितळात बांगड्या कापून काढल्या होत्या, त्यानंतर हिनं भरल्या नव्हत्या.

"काय बघताय?"

"काही नाही. दसरा आहे म्हटलं आज."

"मग हातावर लिहिलंय का माझ्या?"

मी जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं. शेजारच्या घरचा आवाज नळाच्या पाइपातून येऊ शकतो, म्हाताऱ्या कानात काहीही वाजू शकतं, हे मला कळतं. शेजारचं घर मात्र वर्षभर बंद होतं, आणि कानात वाजणारी गोष्ट मान वळवली की दिशा बदलत नाही. या आवाजाची बदलत होती. पण हे मला नंतर सुचलं, आणि नंतर सुचलेल्या गोष्टींवर माझा कधीच फारसा विश्वास नसतो.

२

आमच्या बाहेरच्या खोलीत एक कोपरा आहे. वर्षभर तिथे माझी वाचायची खुर्ची असते. भाद्रपदात ती तीन दिवस गॅलरीत जाते आणि त्या जागी गौरी उभ्या राहतात. दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. लोखंडी स्टँड, त्यावर भरजरी साडी, वर पितळी मुखवटा. थोरलीला लाल, धाकटीला हिरवी. ही शिवणाचे वर्ग चालवायची, त्यामुळे आमच्या गौरींच्या निऱ्या बघायला आख्खी इमारत लोटायची. माहेरपणाला आलेल्या मुली त्या. पहिल्या दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी जेवायचं, तिसऱ्या दिवशी निरोप घेऊन आपल्या घरी जायचं.

त्या वर्षी दुसऱ्या दिवशी, नैवेद्याचं ताट उचलता उचलता ही तिथेच कोसळली. पोटात रक्तस्राव झाला होता. मी इस्पितळात गेलो तो कितीतरी दिवस तिथलाच झालो. मागचं सगळं हिच्या भावानं आवरलं. ऑपरेशननंतर सर्जननी मला बाजूला घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुढची गौर बघतील का, ते मला सांगता येणार नाही." वाक्य अर्थातच मला सांगितलं होतं, हिला नाही. मी ते गिळलं आणि घरी घेऊन आलो.

खुर्ची पुन्हा कोपऱ्यात आली होती. दसऱ्यानंतर एका दुपारी मी तिच्यात बसलो आणि लगेच उठलो. कसं सांगावं? आपण चुकून कुणाच्या मांडीवर बसलो तर जसं होईल, तसं झालं. माफ करा, असं तोंडातून निघूनही गेलं.

गादी दाबून पाहिली. पाय डगमगतात का ते पाहिलं. पुन्हा बसायचा धीर झाला नाही. शेवटी उजेड बरा म्हणून खुर्ची खिडकीखाली ओढली.

आतून ही म्हणाली, "खुर्ची हलवलीत का? बरं केलंत."

का बरं केलं, ते मी विचारलं नाही.

३

दिवाळीला हिला बसवून पणत्या लावल्या. म्हणजे हिनं हुकूम सोडायचे आणि मी वाकायचं. दारापासून हिच्या खोलीपर्यंत, भिंतीच्या कडेनं एक ओळ. धूर एका खोलीत कोंडू नये म्हणून मी मधलं दार उघडं ठेवलं होतं, पण खिडक्या बंद होत्या, कारण हिला वारा सोसत नव्हता.

हिला आत निजवून मी बाहेर आलो आणि ओळ नीट दिसते का बघत उभा राहिलो. तेव्हा कोपऱ्याजवळची ज्योत वाकली. मग तिच्या पुढची. मग तिच्या पुढची. आधीची सरळ होत होती आणि पुढची वाकत होती. साडीचा घोळ सावरत कुणी ओळीजवळून चाललं की होतं, अगदी तसं. वेग बाईमाणसाचा. घाई नाही, रेंगाळणं नाही.

शेवटची ज्योत हिच्या दाराशी वाकली आणि आतमध्ये ही हसली.

आत जायला नको वाटलं. तरी गेलो. ही उशीला टेकून बसली होती, गालावर लाली.

"कुणाशी बोलत होतीस?"

"तुमच्याशी नाही, एवढं नक्की. तुमच्याशी बोलताना माणूस हसतं का कधी?"

खोलीत नव्या कोऱ्या कापडाचा वास होता, घडी मोडल्या मोडल्या येतो तसा. मी कपाट उघडून पाहिलं. त्यात नवं काहीच नव्हतं.

४

संक्रांतीला हिनं हट्टानं हळदीकुंकू केलं. फार बायका नकोत म्हणून फक्त खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. या बाई म्हणजे कडक काम. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की रक्तदाब तपासायला निघतील, अशा. इस्पितळातून आल्यापासून हिच्या तब्येतीवर त्याच लक्ष ठेवून होत्या.

हिनं त्यांना कुंकू लावलं, त्यांनी हिला लावलं. आणि मग करंडा हातात तसाच धरून डॉक्टरीणबाई सहज कोपऱ्याकडे वळल्या, दोन पावलं गेल्या आणि कुंकवाचं बोट वर उचललं. आपल्याइतक्याच उंच बाईच्या कपाळाशी उचलावं तेवढं.

बोट तिथेच थांबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही." त्यांनी बोटाकडे बघितलं. "मला वाटलं... तुमच्याकडे आणखी कुणी आलंय ना?"

"नाही."

"हो का." त्यांनी करंडा खाली ठेवला, घाईनं वाण घेतलं. ही शांतपणे हलव्याच्या दाण्यांशी चाळा करत होती.

दारापाशी मी त्यांना हिचे रिपोर्ट विचारले. त्या एकदम डॉक्टर झाल्या. "खरं सांगू? मला अपेक्षा नव्हती. हिमोग्लोबिन चढतंय, वजन वाढतंय. तुम्ही घरात जे काही करताय ना, ते तसंच चालू ठेवा. काही बदलू नका."

मी मान डोलावली. दार लावल्यावर कोपऱ्याकडे पाठ करून उभं राहणं मात्र मला जमलं नाही.

५

होळीच्या सुमारास हिच्या भावाचा फोन आला. मेव्हणा निवृत्त दंतवैद्य आहे. समोरच्याच्या तोंडात हत्यारं आहेत असं धरून बोलायची त्याला सवय, त्यामुळे उत्तराची वाट बघत नाही. बोलता बोलता गौरींचा विषय निघाला आणि मी सहज म्हटलं, "त्या वेळी निरोपाची पूजा तू केलीस, म्हणून निभावलं."

पहिल्यांदाच त्यानं माझं वाक्य पुरतं ऐकून घेतलं.

"भाऊजी, थोरलीची मी केली," तो म्हणाला. "अक्षता वाहिल्या, तिला जरा जागेवरून हलवलं, सगळं रीतसर. धाकटीला हात लावणार, तेवढ्यात तुमचा फोन आला. रक्त लागणार आहे, ताबडतोब ये. मी तसाच पळालो. संध्याकाळी येऊन दोघींचे मुखवटे उतरवले, साड्यांच्या घड्या केल्या, ट्रंक माळ्यावर. मला वाटलं धाकटीचं तुम्ही केलं असेल."

"मी इस्पितळात होतो."

"हो की. मग राहिलंच म्हणायचं." आणि लगेच, "तुम्ही कुठे मनावर घेताय! प्रोफेसर माणूस तुम्ही."

अक्षता वाहून पाहुणीला किंचित हलवायचं, पुन्हा ये म्हणायचं. एवढंच असतं. पण तेवढं झाल्याशिवाय ती जात नाही, असं आम्ही लहानपणापासून मानत आलो. मानत आलो म्हणजे काय, त्याचा विचार मी कधी केला नव्हता. विचार करायची वेळ आली नव्हती.

त्याच आठवड्यात, दुपारी, न्हाणीघरापासून बाहेरच्या दारापर्यंत ओली पावलं दिसली. बारीक, बाईची. ही झोपली होती आणि हिचे तळवे मी हात लावून पाहिले, कोरडे होते. पावलं बंद दारापाशी संपली होती. बोटं दाराकडे, दोन्ही पावलं जुळलेली. कुणीतरी तिथे उभं होतं आणि उभंच राहिलं होतं.

मी पुसली नाहीत. बाजूला बसून ती वाळताना पाहत राहिलो आणि माझ्या डोक्यात एक सुसंगत, भयंकर विचार तयार झाला. ती दार अडवून उभी आहे. सर्जन ज्याच्याबद्दल बोलले, ते बाहेर आहे आणि ती त्याला आत येऊ देत नाही. धाकटी आहे तोवर ही आहे.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. विद्यार्थ्यानं असला निष्कर्ष लिहिला असता तर मी लाल रेघ मारली असती. पण त्या दिवसापासून कोपऱ्यात काही ठेवायचं सोडलं. जाता येता मान लववू लागलो. एकदा तर "काही हवं का?" असंही विचारलं आणि स्वतःच्याच आवाजानं दचकलो.

६

उन्हाळ्यात धाकटीचं दाराशी जाणं वाढलं. भर दुपारी कडी वाजायची. आतून. हलकेच, पण पुन्हा पुन्हा. मी दारासमोर स्टूल टाकून बसायचो आणि कडी वाजायची थांबायची. मग बराच वेळ साडीची सळसळ ऐकू यायची, दारापासून कोपऱ्यापर्यंत आणि परत. रात्री मात्र अगदी शांत असायचं.

श्रावण सरत आला आणि ही म्हणाली, "दादाला बोलवा. ट्रंक काढायला हवी."

"या वर्षी राहू दे. तुला झेपायचं नाही."

"बसा इथे," ही म्हणाली. मी पलंगाच्या कडेवर बसलो. "धाकटीला निरोप दिला नाही ना कुणी?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? हिरव्या साडीला मी स्वतः जड काठ लावला होता. चालताना तो काठ कसा वाजतो, ते मला कळणार नाही का? दसऱ्यापासून ऐकतेय. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."

"मी? मीच तुला घाबरवायला नको म्हणून..."

"माहितीय. वर्षभर दोघंही चोरासारखे वागतोय." ती हसली, मग गंभीर झाली. "तिला पाठवायला हवं, अहो."

आणि तेव्हा मी सांगून टाकलं. सर्जन काय म्हणाले, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, दाराशी ती पावलं. "ती गेली आणि तूही..." सत्तरी उलटलेला माणूस मी, हुंदका आवरत बसलो.

हिनं माझं बोलणं संपू दिलं. मग म्हणाली, "दार अडवायचं असतं तर ती दाराकडे पाठ करून उभी राहिली असती. तिची बोटं कुठे होती?"

"दाराकडे."

"मग? तुम्हाला एवढं शिकलेल्याला कळू नये? तिला बाहेर पडायचंय. तीन दिवसांसाठी आलेली पोर ती. थोरली पुढे गेली, ही मागे अडकली. कडी वाजवते आणि तुम्ही स्टूल टाकून समोर बसता."

हिनं पाठीमागची उशी सारखी केली.

"आणि माझं म्हणाल, तर मला कुठे जायचंय? माझं घर हेच. ती इथून गेली म्हणून मी तिच्याबरोबर का जाईन?"

हिचं म्हणणं पटत होतं. पण पटणं आणि भीती जाणं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसतो.

७

गौरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी मेव्हणा आला. ट्रंक उतरवताना धापा टाकत म्हणाला, "उद्या यायचीच आहे, तर आज पाठवायची कशाला? असू दे की. जाण्यायेण्याचा त्रास तरी वाचेल."

"दादा, माहेरी आलेली बाई घरी न जाताच परत कशी येईल?" ही म्हणाली. "तू चहा कर जा."

तो स्वयंपाकघरात गेला. साखर शोधण्यासाठी त्याला घरातले सगळे डबे पाडायला लागतात. त्या आवाजानं मला फार धीर आला.

कोपऱ्यात एकच स्टँड मांडला. हिनं खुर्चीत बसल्या बसल्याच हिरवी साडी नेसवली. निऱ्या मी धरल्या. मुखवटा मी ठेवला. पितळ गार असायला हवं होतं. ते गार नव्हतं, एवढंच सांगतो.

कुंकू, फुलं, अक्षता. ही दमली होती, चेहरा उतरला होता. "आता हलवा तिला," ती म्हणाली, "आणि या म्हणा."

मी स्टँडला हात घातला. लोखंडी सांगाडाच तो, वर्षानुवर्षं एका हातानं उचललेला. तो हलेना. मी जोर लावला. हलेना.

"अहो, धरून ठेवलंय तुम्ही तिला," ही हळूच म्हणाली.

मी माझे हात पाहिले. दोन्ही हातांनी स्टँड घट्ट आवळला होता, बोटं पांढरी पडली होती. ढकलत नव्हतोच मी. एकेक बोट सोडवलं. मग तळव्यानं नुसतं टेकून म्हटलं, "बाई, चुकलं असेल तर पोटात घाल. सुखानं जा. पुन्हा ये."

स्टँड सरकला, किंचित, अगदी सहज. खोलीतून झुळूक जावी तशी सळसळ माझ्या कोपराजवळून गेली. या वेळी चालण्यात घाई होती. पोरसवदा, उड्या मारणारी घाई.

मी मागोमाग धावलो आणि दार उघडलं.

जिन्यात कुणी नव्हतं. लिफ्ट मात्र आमच्या मजल्यावर येऊन थांबली होती आणि तिची दारं मिटत होती. मिटता मिटता राहिलेल्या फटीतून मला खालची कड दिसली. हिरव्या साडीचा जड काठ. आणि त्याला खेटून, आधीपासून आत उभा असलेला, लाल. दोन काठ आणि बांगड्यांचा एकदम किणकिणाट, खूप दिवसांनी भेटलेल्या बायका एकमेकींचे हात धरतात तेव्हा होतो तसा. फट बुजली. लिफ्ट खाली गेली.

मी मागे वळलो.

ही खुर्चीत होती. डोळे मिटलेले, मान एका बाजूला, हात मांडीवर उताणे.

"अगं," मी म्हटलं.

उत्तर नाही.

दारापासून खुर्चीपर्यंतची ती एवढीशी जागा मला ओलांडता येईना. उंबऱ्यातच उभा राहून मी कान दिला. स्वयंपाकघरात एक डबा पडला. त्याचा आवाज विरेपर्यंत मला काहीच ऐकू आलं नाही. काहीच नाही.

मग ही घोरली. चांगली खणखणीत, पहिल्यासारखी. ज्या घोरण्यावरून मी चाळीस वर्षं भांडलो, त्याला मी हात जोडले.

मेव्हणा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आला. "झोपली? आणि तुम्ही रडताय काय भाऊजी? साखर सापडली एकदाची."

८

दुसऱ्या दिवशी गौरी आल्या. दोन्ही मुखवटे ताटात घेऊन मी दारातून आत आलो, तेव्हा हळूच धाकटीच्या मुखवट्याला बोट लावून पाहिलं. पितळ गारच्या गार होतं. दोघींना शेजारी शेजारी उभं केलं. कोपरा कोपऱ्यासारखा होता. मी मुद्दाम त्याच्याजवळ भिंतीला टेकून बसलो आणि तिथेच डुलकी काढली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई दर्शनाला आल्या. हिची नाडी पाहिली, डोळ्यांच्या कडा पाहिल्या. "उत्तम," म्हणाल्या. मग खोलीभर नजर फिरवून जरा गोंधळल्यासारख्या झाल्या. "घर मोठं वाटतंय हो. काही सामान काढलंत का?"

"पाहुणी होती, ती गेली," ही म्हणाली.

तिसऱ्या दिवशी निरोप मी स्वतः दिला. मेव्हणा आला होता, पण त्याला हात लावू दिला नाही. फोन बंद करून कपाटात ठेवला. थोरलीला अक्षता वाहिल्या, हलवलं, पुन्हा ये म्हटलं. धाकटीला अक्षता वाहिल्या, हलवलं, पुन्हा ये म्हटलं. लांब जाऊन पाहिलं. मग मनाची खात्री पटेना म्हणून दोघींना परत एकदा हलवलं. मग धाकटीला आणखी एकदा.

"अहो, बास!" ही खुर्चीतून हसत सुटली. हसता हसता तिनं पोटावर, टाक्यांच्या जागी हात दाबून धरला. "निरोप देताय की हाकलून लावताय?"

मी तरीही दार उघडून ठेवलं. जेवणं होईपर्यंत ते उघडंच होतं.